संमिश्र छायाचित्र : सर्वांचा चेहरा की कोणाचाच नव्हे?



माणसाच्या तोंडावरून त्याची पारख करण्याची सवय आपल्या सर्वांच्या अंगी मुरलेली आहे. ‘चेहऱ्यावरूनच लबाड दिसतो’ असे आपण सहज बोलून जातो. लग्नाच्या बोलाचालीत अमक्या घराण्याचे नाक दुरून ओळखणारी एखादी आत्याबाई असतेच. आणि आगगाडीच्या डब्यात समोर बसलेला गृहस्थ कोणत्या मुलुखातला असेल, कोणत्या जातीचा असेल, याचा अंदाज मनाशी बांधल्याखेरीज आपला प्रवास पुरा होत नाही. या सर्व अंदाजांच्या मुळाशी एक समजूत दडलेली असते. ती अशी की, प्रत्येक जनसमूहाचा एक ठरीव साचा असतो, आणि एकेक व्यक्ती ही त्या साच्यातून निघालेली, थोडीशी इकडेतिकडे सरकलेली प्रत असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका इंग्रज शास्त्रज्ञाने हा साचाच कॅमेऱ्याने पकडून दाखवण्याचा घाट घातला. त्याने वापरलेल्या युक्तीला आम्ही ‘संमिश्र छायाचित्र’ म्हणणार आहोत. ही युक्ती काय होती, तिने काय दाखवले, आणि काय दाखवले असा लोकांचा भलताच समज झाला, याचा विचार आज करावयाचा आहे. विषय जुना असला तरी तो शिळा झालेला नाही, हे शेवटी ध्यानात येईलच.

हा शास्त्रज्ञ म्हणजे फ्रान्सिस गाल्टन. त्याचा जन्म १८२२ चा, मृत्यू १९११ चा. चार्ल्स डार्विनचा तो सावत्र नात्याने आतेभाऊ. दोघांचे आजोबा एकच. मोजता येईल ते मोजावे, हा त्याचा स्वभाव. वर्तमानपत्रात छापलेला पहिला हवामानाचा नकाशा त्याचा, आणि संख्याशास्त्रात आज पदोपदी लागणारी सहसंबंधाची कल्पनाही मुळात त्याचीच. अशा माणसाने माणसाच्या चेहऱ्यांची सरासरी काढण्याचा विचार करावा, यात नवल नाही.

१८७८ साली लंडनच्या मानवशास्त्रीय संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात त्याने आपली रीत सांगितली. ती समजण्यास फार सोपी आहे. समजा, आठ माणसांची छायाचित्रे घेतली. ती सर्व एकाच आकाराची, एकाच बाजूने घेतलेली असावीत. प्रत्येक चित्रातील डोळे बरोबर एकावर एक येतील अशा बेताने त्यांना टाचणीची भोके पाडून ती पुस्तकाच्या पानांसारखी एकामागे एक टांगावयाची. आता एका चित्राची चांगली नक्कल उतरवण्यास कॅमेऱ्यातील काच ऐंशी सेकंद उघडी ठेवावी लागत असेल, तर प्रत्येक चित्रासमोर ती फक्त दहा सेकंद उघडी ठेवावयाची. एक चित्र झाले की पान उलटावयाचे. पण काच तीच. आठही चित्रे झाली म्हणजे ऐंशी सेकंद भरतात आणि त्या एका काचेवर आठ माणसांचा मिळून एक चेहरा उमटतो.

हे कसे घडते? रहदारीच्या रस्त्याचे छायाचित्र काच पुष्कळ वेळ उघडी ठेवून घेतले, तर जाणारीयेणारी माणसे पुसून जातात, आणि घरे व दिव्याचे खांब तेवढे ठसठशीत राहतात. जे एका जागी स्थिर आहे ते प्रत्येक क्षणी काचेवर भर घालते. जे हलते ते आपल्या वाट्याचे क्षण टिकते आणि विरते. संमिश्र छायाचित्रात हेच होते. आठांच्या तोंडवळ्यात जे एकसारखे असेल ते गडद उतरते. एकाच्या गालावरील व्रण, दुसऱ्याची वाकडी भुवई, तिसऱ्याचे पुढे आलेले कान, ही एकेकट्याची लक्षणे आठव्या हिश्शाने फिकट होऊन धुक्यासारखी कडेला राहतात. म्हणजे हे चित्र हाताने काढलेले नसून प्रकाशाने केलेली बेरीज-भागाकार आहे, आणि म्हणूनच त्यात चित्रकाराच्या लहरीला जागा नाही, असे गाल्टनला वाटले. हा विश्वास कितपत खरा होता, तेच आपणांस पाहावयाचे आहे.

त्याने पहिला मोठा प्रयोग केला तो गुन्हेगारांवर. इंग्लंडच्या तुरुंगांवरील अधिकारी एडमंड ड्यू केन यांनी त्याला कैद्यांची छायाचित्रे पुरवली. खून, मनुष्यवध व मारहाण करून चोरी करणारे हा एक गट. बनावट दस्तऐवज वगैरे करणारे दुसरा. लैंगिक गुन्ह्यांतले तिसरा. दोनच वर्षांपूर्वी, १८७६ साली, इटलीत चेझारे लोंब्रोसो या वैद्याने जन्मजात गुन्हेगाराची शारीरिक लक्षणे सांगणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. गुन्हेगाराचा चेहरा असा काही वेगळा असतो, हा विचार त्या काळी युरोपच्या हवेतच होता. तेव्हा खुन्यांच्या चेहऱ्यांची बेरीज केल्यावर काचेवर एक महाखुनी उमटेल, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार.

प्रत्यक्षात उमटला तो एक साधा, बरा दिसणारा, काहीसा सौम्य माणूस! क्रौर्य म्हणून जे काही एकेका चित्रात वाटत होते ते मिसळण्यात नाहीसे झाले, आणि खाली सर्वांना समान असे माणूसपण तेवढे शिल्लक राहिले. गाल्टन प्रामाणिक होता. त्याने हे आपल्या निबंधात स्पष्ट लिहून ठेवले. पण हाती आलेला निकाल जसाच्या तसा ठेवून तो थांबला नाही. हे गुन्हेगाराचे चित्र नव्हे, तर गुन्ह्याकडे घसरू शकणाऱ्या माणसाचे आहे, असा त्याने त्याचा अर्थ लावला. आता असा माणूस चित्रात कोठून दिसतो? चित्रात तर डोळे, नाक, कपाळ आहे. घसरण्याची शक्यता चित्रात नव्हती. ती पाहणाराच्या मनात होती.

त्याच सुमारास दुसरा एक मोठा प्रयोग झाला, आणि त्यात आपल्या देशाचा एक धागा गुंतलेला आहे. पाटण्यास जन्मलेला दीन महंमद नावाचा गृहस्थ विलायतेस गेला. १८१० साली त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी पद्धतीचे खाद्यगृह काढले आणि पुढे ब्रायटन येथे मालिशाची स्नानगृहे चालवून नाव कमावले. त्याचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद हा लंडनच्या गाय रुग्णालयात डॉक्टर होता. रक्तदाबाच्या विकाराचा अभ्यास करणाऱ्या आद्य वैद्यांत त्याची गणना होते. क्षय व्हावयाचा तो विशिष्ट ठेवणीच्या माणसालाच होतो, अरुंद नाजूक चेहरा आणि लांब पापण्या ही त्याची पूर्वखूण, अशी त्या काळच्या वैद्यांची पक्की धारणा होती. महंमद आणि गाल्टन यांनी मिळून ४४२ क्षयरोग्यांची छायाचित्रे घेतली आणि ताडून पाहण्यासाठी इतर रोगांनी आजारी असलेल्या २०० जणांचीही घेतली. दोन्हींची संमिश्र चित्रे केली. १८८२ साली त्यांनी निष्कर्ष छापला तो असा की, क्षयाचा म्हणून काही खास चेहरा आढळत नाही. नाजूक चेहऱ्याची माणसे क्षयरोग्यांत जितकी, जवळजवळ तितकीच इतरांतही आहेत. त्याच वर्षीच्या २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. वैद्य ज्याची खूण चेहऱ्यात शोधत होते, तो शत्रू थुंकीत सापडला.

श्रोत्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या दुसऱ्या प्रयोगाने खरे ज्ञान दिले, कारण त्यात तुलनेसाठी दुसरा गट होता. केवळ क्षयरोग्यांचे चित्र पाहून कोणीही ‘पहा, कसा खंगलेला चेहरा’ असे म्हणाला असता. शेजारी बिनक्षयाच्या रोग्यांचे चित्र ठेवले तेव्हा जीभ आवरावी लागली.

तिसरा प्रयोग लंडनमधील ज्यू विद्यार्थ्यांचा. तो १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ सूचना जोसेफ जेकब्झ यांची. हे स्वतः ज्यू होते, आणि भारतीय परीकथांचा एक इंग्रजी संग्रहही त्यांनी पुढे संपादित केला. एकाच शाळकरी मुलांची तीच संमिश्र चित्रे दोघांनी पाहिली. गाल्टनला त्या नजरेत थंडपणे माणूस तोलणारा व्यवहारीपणा दिसला. जेकब्झ यांना त्याच नजरेत विचारमग्नता आणि आपल्या समाजाचा दीर्घ इतिहास दिसला. काच एक, चेहरा एक, अर्थ दोन. यंत्राने चित्रकाराचा हात बाजूला सारला खरा, पण पाहणाराचा डोळा होता तेथेच राहिला.

आता आपण गाभ्याच्या मुद्द्याकडे वळू. सरासरी काढणे ही काही वाईट गोष्ट नव्हे. गाल्टनने स्वतः अलेक्झांडर बादशहाच्या सहा नाण्यांवरील मुखवट्यांचे संमिश्र चित्र केले होते. तेथे ही रीत शोभते. कारण नाणी सहा असली तरी माणूस एकच. एकेका कारागिराच्या हातून झालेल्या चुका मिसळण्यात विरतात आणि मूळ चेहऱ्याच्या आपण जरा जवळ जातो. खगोलशास्त्रज्ञ एकाच ताऱ्याची शेकडो चित्रे एकावर एक रचतात ते याच कारणाने. मूळ वस्तू एक आहे आणि प्रती चुकलेल्या आहेत, अशा वेळी सरासरी सत्याकडे नेते.

पण आठ कैदी म्हणजे एका मूळ कैद्याच्या आठ चुकलेल्या प्रती नव्हेत! ते आठ निरनिराळे जीव आहेत. त्यांच्या चेहऱ्यांतील फरक ही चूक नसून तीच वस्तुस्थिती आहे. त्यांची सरासरी काढली म्हणजे चूक पुसली जात नाही, माणसे पुसली जातात. गाल्टनच्या आधी बेल्जममधील केतले या ज्योतिर्विदाने १८३५ च्या आपल्या ग्रंथात ‘सरासरी माणसा’ची कल्पना मांडली, ती ताऱ्यांच्या मोजणीतील चुकांचे गणित माणसांना लावूनच. निसर्ग एक आदर्श माणूस घडवू पाहतो आणि दरवेळी थोडा चुकतो, असे त्या कल्पनेत गृहीत होते. संमिश्र छायाचित्र हे त्याच कल्पनेचे काचेवर उतरलेले रूप होय.

हा सरासरी माणूस कोठे राहतो, याचा एकदा खरोखरच शोध घेण्यात आला. अमेरिकेच्या हवाई दलाला विमानातील बैठक वैमानिकांच्या अंगाला बेतून करावयाची होती. त्यासाठी ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली होती. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापे निवडली आणि दहाही मापांत मध्यम पट्ट्यात बसणारे वैमानिक किती, हे मोजले. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात उत्तर होते : एकही नाही. उंचीने मध्यम असलेल्याचे हात लांब, हात मध्यम असलेल्याची छाती रुंद! आपल्या पेठेतील सगळ्या पुरुषांच्या पावलांची सरासरी काढून चांभाराने एकाच मापाच्या चपला केल्या, तर दुकानाबाहेर काय गर्दी होईल आणि ती कशासाठी होईल, हे सांगावयास नको.

संमिश्र चेहरे सुंदर का दिसतात, असाही प्रश्न येथे उभा राहतो. न्यूझीलंडमधील ऑस्टिन नावाच्या एका गृहस्थाने १८७७ सालीच डार्विनला पत्राने कळवले होते की, स्टिरिऑस्कोपमध्ये दोन स्त्रियांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली असता दोहोंचा मिळून एक चेहरा दिसतो, आणि तो अधिक देखणा असतो. गाल्टनचा अनुभवही हाच. १९९० साली टेक्सासमधील दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी संगणकाने चेहरे मिसळून हे तपासले. सोळा आणि बत्तीस चेहऱ्यांची मिश्रणे पाहणारांस सर्वसाधारण चेहऱ्यांहून आकर्षक वाटली. यात गूढ थोडेच आहे. पुटकुळ्या, सुरकुत्या, डाव्याउजव्या बाजूंतील तफावत हे सारे मिसळण्यात धुऊन निघते. शिवाय १९९४ च्या आणखी एका प्रयोगात असे दिसले की, निवडक देखण्या चेहऱ्यांची सरासरी ही सर्वांच्या सरासरीपेक्षा सरस ठरते. तेव्हा सरासरी म्हणजे सौंदर्याची परमावधी, असेही नव्हे. तो गुळगुळीतपणा पुष्कळसा त्या रीतीचा आहे, त्या समाजाचा नव्हे.

आपल्या देशात संमिश्र छायाचित्रांपेक्षा मोजपट्टीचा जोर अधिक झाला. पण मागची समजूत तीच होती. हर्बर्ट रिस्ली या सनदी अधिकाऱ्याने १८९० च्या आगेमागे हजारो लोकांची नाके मोजवून घेतली आणि नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात जातीची प्रतिष्ठा असते, असा सिद्धान्त मांडला. प्रत्येक जातीची एक सरासरी, आणि त्या सरासऱ्यांची उतरंड! पुढे मालवणचे सुपुत्र डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या जातिविषयक ग्रंथात हीच मापे पुन्हा तपासली. गंगेच्या खोऱ्यातील मूळ हिंदुस्थान प्रांत सोडला, तर शरीराच्या ठेवणीची उतरंड आणि सामाजिक मानाची उतरंड यांचा मेळ बसत नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

डॉ. इरावती कर्वे यांचे काम तर आम्हां महाराष्ट्रीयांस अधिक जवळचे. त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांची शारीरिक मापे तपासून १९५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे प्रसिद्ध केली. ‘कुंभार’ ही एक जात असे आपण म्हणतो. पण त्यांत थोरचाके, लहानचाके, हातघडे असे निरनिराळे गट असून त्यांच्यात बेटीव्यवहार नाही, त्यांची चाके आणि भांडी घडवण्याच्या रीतीही वेगळ्या, हे इरावतीबाईंनी निदर्शनास आणले. एका मूळ जातीचे हे तुकडे नसून वेगवेगळे गट एका धंद्याच्या नावाखाली शेजारी आलेले आहेत, असे त्यांचे प्रतिपादन. आता ‘महाराष्ट्रीय कुंभारा’चे संमिश्र छायाचित्र कोणी काढले, तर त्यात कोण दिसेल? जो चेहरा दिसेल तो ‘कुंभार’ या शब्दाचा असेल, कोणत्याही कुंभाराचा नव्हे. गट कोणी आखला, कोणाला आत घेतले आणि कोणाला वगळले, हे चित्र तयार होण्यापूर्वीच ठरलेले असते. काच फक्त त्यावर शिक्का मारते.

मग जनसमूहांची तुलना करूच नये काय? तसे नाही. ती कशी करावी हे दाखवणारी एक उत्तम रीत आपल्याच देशात जन्मली. १९२० साली नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांची प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी गाठ पडली, आणि त्यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची घेतलेली मापे गणितासाठी महालनोबिसांच्या हवाली केली. त्या अभ्यासातून पुढे १९३६ पर्यंत ‘महालनोबिस अंतर’ या नावाने जगभर प्रसिद्ध झालेले माप सिद्ध झाले. त्याचे मर्म असे की, दोन गटांच्या सरासऱ्यांतील फरक मोजताना प्रत्येक गटाच्या आतला फैलाव किती, आणि एक माप दुसऱ्याशी किती बांधलेले आहे, हेही हिशेबात धरावयाचे. संमिश्र छायाचित्र ज्या गोष्टीला धुके म्हणून कडेला लोटते, तिलाच महालनोबिसांनी मोजणीच्या केंद्रस्थानी आणले. १९७२ साली लेवॉन्टिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने रक्तगट व प्रथिने तपासून सांगितले की, मानवजातीतील आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकेका जनसमूहाच्या आतच सापडते. अनेक लक्षणे एकत्र धरली तर माणसाचे मूळ स्थान पुष्कळदा ओळखता येते, हेही खरे. पण त्यामुळे त्या जनसमूहाला एक चेहरा प्राप्त होत नाही.

हा सारा ऊहापोह केवळ पंडिती वाद असता तर आम्ही तो आपणांपुढे मांडला नसता. १८८३ साली गाल्टनने ज्या पुस्तकात आपली संमिश्र चित्रे छापली, त्याच पुस्तकात त्याने ‘सुप्रजननशास्त्र’ या अर्थाचा नवा इंग्रजी शब्द घडवला. माणसांचे साचे ठरवता आले की कोणता साचा वाढवावा आणि कोणता खुंटवावा, हा प्रश्न ओघानेच येतो. १४ जुलै १९३३ रोजी जर्मनीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यापुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. त्या कायद्याला शास्त्राचा आधार पुरवणाऱ्यांत बर्लिनच्या ज्या संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर होते, त्याच संस्थेत त्याआधी काही वर्षे इरावतीबाई पीएच. डी.साठी मानवी कवट्या मोजत होत्या. कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही, हा आपला निष्कर्ष त्यांनी गुरूच्या अपेक्षेला न जुमानता लिहिला. मोजमाप तेच, प्रश्न होता तो आकड्यांपुढे मान तुकवण्याचा.

आणि आजची गोष्ट? २०१६ साली शांघायमधील दोन संशोधकांनी १,८५६ चिनी पुरुषांची छायाचित्रे संगणकाला दाखवून तो गुन्हेगार ओळखू शकतो, असा दावा केला. टीकाकारांनी लगेच विचारले, गुन्हेगारांची चित्रे आली कोठून? ती सरकारी ओळखचित्रे होती, आणि इतरांची इंटरनेटवरून गोळा केलेली. एका ढिगात पांढऱ्या कॉलरचे शर्ट आणि ओठांवर किंचित हसू. दुसऱ्यात ते नाही. यंत्राने गुन्हा ओळखला की कॉलर? गाल्टनच्या काचेला जो प्रश्न विचारावयास हवा होता, तोच हा.

जाता जाता एक सांगतो. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला. त्यातून सुरू झालेल्या विचाराला शास्त्राचे रूप देणारा बोटांच्या ठशांवरील ग्रंथ १८९२ साली लिहिला तो गाल्टननेच. आणि १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली, तिचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या माणसांचा मोठा वाटा होता. ठशांनी गुन्हेगार सापडू लागले. खुन्यांचे चेहरे मिसळून जे साधले नाही, ते एका बोटावरील रेषांनी साधले. कारण तेथे साचा शोधण्याचा हट्ट सोडून एका माणसाचे दुसऱ्यापासूनचे वेगळेपण पाहिले गेले.

सारांश, संमिश्र छायाचित्र ही लबाडी नव्हे. आपण विचारलेल्या प्रश्नाचे ते बिनचूक उत्तर देते. मात्र कोणी एखाद्या जातीचा, धर्माचा, प्रांताचा ‘खास चेहरा’ आपणांस दाखवू लागला, तर आपण तीन गोष्टी विचाराव्या : यात कोणाकोणाला घेतले, शेजारी ताडून पाहण्यास दुसरे चित्र कोणते ठेवले, आणि पुसून गेलेली माणसे किती. या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत आगगाडीतील समोरच्या गृहस्थाला त्याचे नावगाव विचारणे, हाच अधिक शास्त्रशुद्ध मार्ग होय.